रंग किंवा प्लेटिंग न काढता एडी करंट तपासणी: कुठे भरवसा ठेवायचा, कुठे थांबायचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कारखान्यात तीन प्रकारचे भाग आहेत. कार्बन स्टीलचे वेल्ड केलेले सांगाडे, त्यांवर १५० ते ४०० मायक्रॉन रंग. अ‍ॅनोडाइझ केलेले अ‍ॅल्युमिनियमचे भाग. आणि निकेल प्लेटिंग केलेले शाफ्ट, शिवाय काही भागांवर जस्ताचा थर. वापरात असताना पडणाऱ्या भेगा शोधायच्या आहेत, पण दर वेळी कोटिंग काढून पुन्हा चढवणं शक्य नाही. एडी करंटने हे वरूनच तपासता येईल का, आणि किती खोलीपर्यंत?

रंग आणि अ‍ॅनोडायझिंग यांच्यासाठी उत्तर सरळ ‘हो’ आहे. जस्तासाठी ‘हो, पण’. निकेलबद्दल मात्र एक-दोन गोष्टी विचारून घेतल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. कोटिंग आहे की नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ते विजेचं वाहक आहे का, चुंबकीय आहे का आणि त्याची जाडी जागोजागी किती बदलते, या तीन गोष्टी कळल्या की पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय आपोआप होतो.

प्रोबच्या (भागावरून फिरवायच्या संवेदकाच्या) कॉइलमधून ठरावीक फ्रिक्वेन्सीचा एसी करंट सोडला की तिच्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि जवळच्या धातूत गोल फिरणारे प्रवाह उठतात. हे प्रवाह आपलं उलटं क्षेत्र तयार करतात, आणि त्यामुळे कॉइलचा इम्पिडन्स, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा एकूण विरोध, बदलतो. भेग आली की प्रवाहांना वळसा घालावा लागतो आणि तो फरक स्क्रीनवर दिसतो. रंग, पावडर कोटिंग, अ‍ॅनोडायझिंगचा ऑक्साइड थर यांत प्रवाह उठतच नाहीत. कॉइलच्या दृष्टीने तिथे फक्त अंतर आहे; हवा असती तरी फरक पडला नसता. या अंतराला आपण लिफ्ट-ऑफ म्हणतो.

अंतर वाढलं की संकेत कमी होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो कसा कमी होतो, याकडे मात्र कमी लक्ष दिलं जातं. कॉइलच्या अगदी जवळ क्षेत्र फार वेगाने विरळ होतं. प्रोब शून्यापासून ०.१ मिमी उचलला तर जेवढा बदल होतो, तेवढा ०.४ वरून ०.५ मिमीवर नेताना होत नाही. म्हणून ३०० मायक्रॉनचा एकसारखा रंग मला मुळीच त्रास देत नाही. तेवढं अंतर धरून गेन (संकेत किती मोठा करायचा ते) वाढवला की काम होतं. त्रास होतो तो हाताने मारलेल्या, कुठे ८० तर कुठे ४०० मायक्रॉन असलेल्या रंगाचा, कारण प्रोब सरकताना लिफ्ट-ऑफ सतत हलत राहतो आणि भेगेचा संकेत त्या हालचालीत शोधावा लागतो.

इथे फेज, म्हणजे पडद्यावरचा संकेताचा कोन, उपयोगी पडतो. इम्पिडन्सच्या पडद्यावर लिफ्ट-ऑफची रेषा एका दिशेने जाते आणि भेगेची वेगळ्या दिशेने. संकेत फिरवून लिफ्ट-ऑफ आडवा ठेवायचा, म्हणजे भेग उभी उठते. रंगाची जाडी बदलली की बिंदू आडवा सरकेल, भेग आली की वर जाईल. हे दोन कोन नीट वेगळे होतील अशी फ्रिक्वेन्सी निवडणं हे अर्धं काम आहे. अ‍ॅल्युमिनियमसारख्या अचुंबकीय धातूत फ्रिक्वेन्सी फार खाली नेली तर लिफ्ट-ऑफ आणि वाहकतेतला बदल जवळपास एकाच दिशेने जाऊ लागतात. मग पडद्यावर कितीही फिरवाफिरव केली तरी उपयोग होत नाही.

आता खोली. आत जाताना प्रवाहांची ताकद घटत जाते. पृष्ठभागावरच्या ताकदीच्या ३७ टक्के उरते त्या खोलीला प्रमाणित भेदन खोली म्हणतात. तिच्या दुपटीवर साधारण १३.५ टक्के उरतात, तिपटीवर ५ टक्के. मिलिमीटरमध्ये काढायची तर फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये, वाहकता आयएसीएस टक्क्यांत (तांब्याची वाहकता १०० धरून) आणि सापेक्ष पर्मिएबिलिटी (धातू चुंबकीय क्षेत्राला किती साथ देतो त्याचं माप), या तिघांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढा आणि ६६१ ला त्याने भागा. ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियमची वाहकता सुमारे ३३ टक्के. १०० किलोहर्ट्झला भेदन ०.३६ मिमी, १ किलोहर्ट्झला ३.६ मिमी. ३०४ स्टेनलेसची वाहकता २.५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून १०० किलोहर्ट्झलाच १.३ मिमी मिळतात. कार्बन स्टीलची वाहकता १० टक्के आणि पर्मिएबिलिटी १०० धरली तर त्याच फ्रिक्वेन्सीला फक्त ०.०७ मिमी.

या शेवटच्या आकड्याने घाबरायचं कारण नाही, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. स्टीलमध्ये ही पद्धत पृष्ठभागावर उघडलेल्या भेगाच शोधते. वेल्डच्या आत दडलेली पोकळी किंवा मुळाशी राहिलेला अपुरा जोड तिला दिसणार नाही. त्यासाठी अल्ट्रासॉनिक वापरा. पृष्ठभागावर उघडलेली भेग भेदन खोलीपेक्षा कितीतरी खोल असली तरी सापडते, कारण प्रवाह भेगेच्या भिंतींवरून खाली उतरून पुन्हा वर येतात. भेग खोल होत जाते तसा संकेत वाढतो, पण पुढे त्याची वाढ मंदावते. त्यामुळे ‘किती खोलीपर्यंत’ याचं उत्तर स्टीलपुरतं असं: पृष्ठभागावरच्या भेगा, आणि खोलीचा अंदाज ढोबळ. रंग मध्ये असताना नुसत्या संकेताच्या उंचीवरून भेगेची खोली कोणी दशांशात सांगत असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

रंगवलेल्या वेल्डसाठी साधा पेन्सिल प्रोब घेऊ नका. वेल्ड आणि त्याच्या शेजारचा उष्णतेने बदललेला पट्टा यांत पर्मिएबिलिटी जागोजागी बदलते, वर टाके घातल्यासारखा उंचसखल पृष्ठभाग, आणि त्यावर रंग. एकाच कॉइलचा प्रोब या सगळ्याला प्रतिसाद देतो आणि बिंदू कधीच शांत बसत नाही. दोन कॉइल एकमेकींना काटकोनात गुंडाळलेला डिफरन्शियल वेल्ड प्रोब वापरा. लिफ्ट-ऑफ आणि पर्मिएबिलिटीचा बदल दोन्ही कॉइलना सारखाच जाणवतो, म्हणून तो बराचसा रद्द होतो. भेगेला दिशा असते, ती एका कॉइलला जास्त जाणवते. याच कारणाने भेग दोन्ही कॉइलच्या बरोबर मध्ये ४५ अंशांवर आली तर संकेत दबतो. म्हणून वेल्डचा टो, म्हणजे वेल्ड मूळ धातूला जिथे मिळतो ती कड, एका दिशेने तपासून झाल्यावर प्रोब वेगळ्या कोनात वळवून तोच टो पुन्हा तपासायचा. घाईत ही दुसरी फेरी गाळली जाते, आणि तिरकी भेग नेमकी तेव्हाच निसटते. वेल्डच्या एडी करंट तपासणीसाठी आयएसओ १७६४३ हे मानक आहे आणि ते कोटिंग असलेले वेल्डही धरतं. कार्यपद्धती लिहायची असेल तर तिथूनच सुरुवात करा.

संवेदनशीलता कशी लावायची? आधी रंगाची जाडी मोजा, एका जागी नव्हे, सगळ्या तपासणी-रेषेवर. स्टीलवर आयएसओ २१७८ ची चुंबकीय पद्धत, अ‍ॅल्युमिनियमवर आयएसओ २३६० ची एडी करंट पद्धत. मिळालेल्या सर्वांत जास्त जाडीएवढी प्लास्टिकची पट्टी कॅलिब्रेशन ब्लॉकवर ठेवा आणि तिच्यावरून १ मिमी खोल नॉचचा (मुद्दाम कापलेल्या बारीक खाचेचा) संकेत पडद्याच्या ठरावीक उंचीपर्यंत आणा. जिथे रंग पातळ असेल तिथे संकेत मोठे दिसतील, काही खोट्या खुणाही येतील. त्या चालतील. तपासणीत चूक व्हायचीच असेल तर ती या बाजूला व्हावी. उलट, सरासरी जाडीवर गेन लावला तर जाड रंगाखालची भेग उंबरठ्याच्या खाली राहते, आणि जाड रंग बहुतेक वेळा कोपऱ्यांत आणि टोवरच साचलेला असतो, जिथे भेगा पडतात.

प्रोबच्या टोकाला झीज होऊ नये म्हणून टेफ्लॉनची टेप लावत असाल तर कॅलिब्रेशनही टेपसकट करा. टेप मध्येच बदलली तर पुन्हा करा. आणि प्रोबचा आकार रंगाच्या हिशोबाने निवडा. कॉइल लहान तितकं तिचं क्षेत्र जवळच संपतं. बारीक कॉइलला अर्धा मिलिमीटर रंग फार मोठं अंतर आहे, मोठ्या कॉइलला ते किरकोळ. पण मोठी कॉइल आखूड भेगेला दाद देत नाही. रंग जाड आणि शोधायची भेग लहान, अशी जोडी आली तर तडजोडीला जागा नसते. तिथे रंग काढावाच लागतो.

रंगातल्या घटकांबद्दलही विचारा. जस्त भरपूर असलेला प्रायमर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्यांचा रंग असेल तर कण बहुतेक रेझिनने एकमेकांपासून तुटलेले असतात आणि परिणाम थोडा असतो, पण गृहीत धरू नका. त्याच रंगाचा नमुना ब्लॉकवर मारून पाहणं कठीण नाही. रंगाखाली फुगवटे, गंज किंवा वेल्डचे शिंतोडे असतील तर त्या जागा आधी साफ करा. काळ्या गंजातला मॅग्नेटाइट चुंबकीय असतो आणि भेगेसारखा दिसू शकतो.

अ‍ॅनोडायझिंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नेहमीचा थर ५ ते २५ मायक्रॉन, हार्ड अ‍ॅनोडायझिंग त्याहून जाड, आणि सगळा विजेचा रोधक. लिफ्ट-ऑफ नगण्य. लक्षात ठेवायचं एवढंच की ऑक्साइडच्या थरातच पडलेल्या बारीक चिरा या पद्धतीला दिसत नाहीत, कारण तिथे प्रवाहच नाही. खालच्या धातूत उतरलेली भेग मात्र दिसते.

आता धातूची कोटिंग. इथे सगळं बदलतं, कारण कोटिंगमध्येही प्रवाह उठतात. पट्टी ठेवून त्याची नक्कल करता येत नाही.

जस्त अचुंबकीय आहे, वाहकता २८ टक्क्यांच्या आसपास. १०० किलोहर्ट्झला त्याच्यातली भेदन खोली सुमारे ४०० मायक्रॉन येते. गॅल्व्हनायझिंगचा ८०-९० मायक्रॉनचा थर क्षेत्राला अडवू शकत नाही. पण वितळलेल्या जस्तात बुडवून केलेल्या कामात थर एकजिनसी नसतो: वर जस्त, खाली लोह-जस्ताच्या मिश्रधातूंचे थर, प्रत्येकाची वाहकता वेगळी, आणि जाडी स्टीलच्या रसायनाप्रमाणे बदलणारी. हे सगळं पार्श्वभूमीचा गोंगाट वाढवतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की स्टीलला भेग आहे पण वरचं जस्त अखंड आहे, अशा जागी प्रवाह जस्तातून पलीकडे जातो. पूल तुटला तरी शेजारून कच्चा रस्ता मिळावा तसा. संकेत येतो, पण अपेक्षेपेक्षा लहान. गॅल्व्हनायझिंगच्या वेळीच द्रव जस्तामुळे स्टीलला भेग पडली असेल तर ती बहुधा जस्ताने भरलेली असते, आणि तिथे हा परिणाम आणखी वाईट. अशा संशयासाठी मी चुंबकीय कण तपासणी, म्हणजे भाग चुंबकित करून त्यावर लोहकण टाकायची पद्धत, निवडेन. जस्त अचुंबकीय असल्यामुळे भेगेतून चुंबकीय क्षेत्र बाहेर गळतंच, ती जस्ताने भरलेली असली तरी. त्या तपासणीलाही कोटिंगची मर्यादा आहे: आयएसओ ९९३४-१ प्रमाणे घट्ट चिकटलेला अचुंबकीय थर साधारण ५० मायक्रॉनपर्यंत असेल तोवर संवेदनशीलता सहसा बिघडत नाही. थर त्याहून जाड असेल तर नमुन्यावर सिद्ध करून घ्यावं.

वापरात थकव्याने पडलेली भेग सहसा जस्तालाही फाडून वर येते. ती एडी करंटला चांगली दिसते. म्हणून जस्ताबद्दल ‘हो, पण’ म्हणालो.

निकेल. विद्युत-लेपनाने चढवलेलं निकेल चुंबकीय असतं. वाहकता २५ टक्के आणि पर्मिएबिलिटी १०० धरली तर १०० किलोहर्ट्झला भेदन खोली ४० मायक्रॉनच्या आसपास येते, म्हणजे थोडा जाड थर असला की क्षेत्र प्लेटिंगमध्येच संपत आलं. वर त्याची पर्मिएबिलिटी लेपनाच्या द्रावणावर आणि थरातल्या ताणावर अवलंबून असल्याने एकाच शाफ्टवर ठिकठिकाणी बदलते. खालच्या स्टीलमधली, प्लेटिंगच्या वर न आलेली भेग अशा परिस्थितीत ओळखेन असं मी कोणाला लिहून देणार नाही. अचुंबकीय धातूवर निकेल असेल आणि थर पातळ असेल तर चुंबकीय संपृक्तता वापरून, म्हणजे बाहेरून ताकदवान स्थिर चुंबकीय क्षेत्र देऊन, निकेलची पर्मिएबिलिटी दाबता येते. स्टीलच्या शाफ्टवर हा उपाय तितका सोपा राहत नाही.

इलेक्ट्रोलेस, म्हणजे विजेऐवजी रासायनिक पद्धतीने चढवलेल्या, निकेलची गोष्ट निराळी. त्यात फॉस्फरस साडेदहा-अकरा टक्क्यांच्या वर असेल आणि नंतर तापवलेलं नसेल, तर थर अचुंबकीय असतो. त्याची वाहकताही फार कमी, जेमतेम २ टक्के. १०० किलोहर्ट्झला भेदन खोली दीड मिमीच्या आसपास येते. २५ मायक्रॉनचा थर क्षेत्राला जवळपास पारदर्शक. मग खालच्या स्टीलची तपासणी रंगवलेल्या भागासारखीच होते. पण कडकपणा वाढवण्यासाठी तोच थर ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला असेल तर त्यात निकेल आणि निकेल फॉस्फाइडचे स्फटिक तयार होतात आणि थर चुंबकीय होतो. म्हणून शाफ्टबद्दल मला आधी हे कळायला हवं: प्लेटिंग विजेने केलंय की रासायनिक पद्धतीने, फॉस्फरस किती, आणि प्लेटिंगनंतर उष्णता-प्रक्रिया झाली का. प्लेटिंग करणाऱ्याकडे याची नोंद असते. ती मिळाल्याशिवाय प्रोब हातात घेण्यात अर्थ नाही.

तुमच्या यादीत नाही, तरी हार्ड क्रोमचा उल्लेख करतो, कारण शाफ्टच्या दुरुस्तीत ते हमखास येतं. हार्ड क्रोम अचुंबकीय असतं, पण त्यात सूक्ष्म भेगांचं जाळं मुळातच असतं. ते जाळं म्हणजे दोष नव्हे. क्रोमखालच्या स्टीलवर ग्राइंडिंगने जळल्याच्या खुणा शोधायच्या असतील तर बार्कहाउझेन नॉइजची पद्धत (चुंबकत्व बदलताना स्टीलमध्ये उठणारे बारीक चुंबकीय धक्के मोजणारी) जास्त उपयोगी ठरते.

कॅलिब्रेशन ब्लॉकबद्दल मी आग्रही आहे. धातूची कोटिंग असेल तर ब्लॉक त्याच मिश्रधातूचा, त्याच उष्णता-प्रक्रियेचा आणि त्याच टाकीतून प्लेटिंग करून आणलेला हवा. आणि नॉच कधी कापला, हे विचाराच. प्लेटिंगच्या आधी कापलेला नॉच प्लेटिंगने अंशतः भरतो किंवा वरून झाकला जातो. तो आधीपासून असलेल्या, प्लेटिंगखाली गाडल्या गेलेल्या भेगेचं प्रतिनिधित्व करतो. हायड्रोजनमुळे उच्च ताकदीच्या स्टीलला प्लेटिंगच्या सुमारास पडणाऱ्या भेगाही प्लेटिंगखाली राहू शकतात. प्लेटिंगनंतर कापलेला नॉच दोन्ही धातू कापतो. तो वापरात थकव्याने पडलेल्या भेगेसारखा. दोघांचे संकेत खूप वेगळे येतात. दुसऱ्या प्रकारच्या ब्लॉकवर कॅलिब्रेशन करून पहिल्या प्रकारच्या भेगा शोधायला निघालात तर अहवाल ‘दोष नाही’ असा येईल, आणि त्यावर कोणाच्या तरी यंत्राची सुरक्षितता टांगलेली असेल. शक्य असेल तर दोन्ही प्रकारचे नॉच ठेवा. इडीएमने (विजेच्या ठिणग्यांनी) कापलेला नॉच खऱ्या भेगेपेक्षा रुंद असतो, हेही ध्यानात असू द्या. घट्ट मिटलेल्या थकव्याच्या भेगेच्या भिंती एकमेकींना टेकल्या असतील तर तितक्याच खोलीला संकेत लहान येतो.

हीच साधनं कोटिंगची जाडी मोजायलाही कामी येतात. रंगाखाली जस्त असेल तर चुंबकीय मापक दोन्हींची मिळून जाडी दाखवतो. जस्ताची वेगळी हवी असेल तर फेजवर आधारलेली एडी करंट पद्धत घ्यावी, आयएसओ २१९६८ मधली. ती लिफ्ट-ऑफने फारशी विचलित होत नाही, त्यामुळे रंगावरूनच जस्त मोजता येतं. एकूणातून ते वजा केलं की रंग कळतो.

रंग दोन-तीन मिलिमीटरपर्यंत गेला असेल तर नेहमीच्या वेल्ड प्रोबचा आग्रह सोडून एसीएफएमचा (पृष्ठभागावर सोडलेल्या एसी प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या पद्धतीचा) विचार करा. जाड कोटिंगवरून स्टीलमधल्या भेगांची लांबी आणि खोली मोजण्यासाठी ती पद्धत बरी पडते. इन्सुलेशनखालचा गंज शोधायचा असेल तर पल्स्ड एडी करंट, आयएसओ २०६६९. ती भिंतीच्या सरासरी जाडीतली घट सांगते. बारीक भेगा किंवा एकटा खड्डा शोधणं तिचं काम नाही.

तुमच्या तीन प्रकारांसाठी मी असं करेन. सांगाड्यांचे सगळे टो रंगावरून वेल्ड प्रोबने दोन दिशांनी तपासायचे. जिथे खूण येईल तेवढीच बोटभर जागा रंग काढून उघडी करायची आणि चुंबकीय कण तपासणीने खात्री करायची. मग रंग फक्त तेवढ्याच जागी पुन्हा लावावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी १०० किलोहर्ट्झच्या वरची फ्रिक्वेन्सी आणि लहान शिल्डेड (बाजूला क्षेत्र पसरू न देणारा) प्रोब, म्हणजे कडा आणि भोकांजवळही काम करता येईल. जस्त लावलेले भाग वापरातल्या भेगांसाठी एडी करंटने, आणि नव्याने गॅल्व्हनाइझ होऊन आलेले चुंबकीय कणांनी. शाफ्टची नोंद तपासून इलेक्ट्रोलेस, जास्त फॉस्फरसचं आणि न तापवलेलं निकेल निघालं तर दोन्ही नॉच असलेला ब्लॉक बनवून घ्या आणि पुढे चला. विद्युत-लेपनाचं निघालं तर प्लेटिंग काढण्याच्या पुढच्या ठरलेल्या वेळेशी तपासणी जोडा, आणि मधल्या काळात शाफ्टच्या खांद्यांवर, खाचांच्या मुळांशी वरपर्यंत फुटलेल्या भेगांपुरतीच एडी करंट वापरा. अहवालात ही मर्यादा स्पष्ट लिहायला सांगा: ‘प्लेटिंगच्या पृष्ठभागापर्यंत आलेल्या भेगांसाठी तपासणी केली.’ कार्यपद्धतीवर आयएसओ ९७१२ प्रमाणे लेव्हल ३ (तपासनीसांची सर्वांत वरची पातळी) व्यक्तीची सही असावी, आणि कोटिंगची जाडी, वापरलेली पट्टी, प्रोब, फ्रिक्वेन्सी व ब्लॉकचा क्रमांक प्रत्येक अहवालात आला पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा माणूस तीच तपासणी तशीच करू शकेल.